लॉर्ड्ससमोरचं लिबरल सिनेगॉग कुठून आलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: लंडनला लॉर्ड्स पाहून बाहेर पडल्यावर रस्त्याच्या पलीकडे मोठाले खांब असलेली एक इमारत दिसली. ते ज्यूंचं प्रार्थनास्थळ निघालं आणि नावात चक्क 'लिबरल' होतं. हे लिबरल प्रकरण काय आहे, सिनेगॉग किती जुनं आहे, आणि आपल्या कोकणातल्या बेने इस्राएली ज्यूंशी त्याचा काही धागा जुळतो का?

जुळतो, आणि एकच नाही. पण तिथवर जायला थोडा वळसा घ्यावा लागेल.

लंडनमधली प्रार्थनास्थळं लोकांना हिंडून दाखवणं हा माझा बऱ्याच वर्षांचा व्यवसाय. आम्ही गाईड मंडळी सहसा वास्तूपासून सुरुवात करतो: शैली कुठली, घुमट केवढा, पैसे कुणी दिले. सेंट जॉन्स वूड रोडवरच्या या सिनेगॉगच्या बाबतीत तसं केलं की गोष्ट हातातून निसटते. इथे माणसं आधी जमली, इमारत आणि रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, नंतर आले. सुरुवात झाली ती एका हॉटेलच्या दालनात, शनिवारी दुपारी. आणि ती केली एका अविवाहित तरुण बाईने, जिला तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे सिनेगॉगमध्ये पुरुषांच्या शेजारी बसायचीही मुभा नव्हती.

तिचं नाव लिली माँटेग्यू. माँटेग्यू म्हटल्यावर शाळेत इतिहास घोकलेल्या मराठी माणसाच्या डोक्यात 'माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा' वाजल्याशिवाय राहत नाही. कान बरोबर टवकारलेत. १९१७ ते १९२२ या काळात भारतमंत्री असलेला एडविन माँटेग्यू हा लिलीचा धाकटा भाऊ. भारताला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची ऑगस्ट १९१७ ची घोषणा त्याचीच. त्या घोषणेवर आपल्याकडे किती शाई सांडली ते सांगायला नको. त्याच काळात त्याची बहीण लंडनमध्ये वेगळ्याच प्रकारचं स्वराज्य मागत होती, हे मात्र आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं.

वडील सॅम्युएल माँटेग्यू बँकर होते, व्हाइटचॅपलचे खासदार होते आणि पुढे लॉर्ड स्वेथलिंग झाले. पैसा अफाट, धर्म कडक. १८८१ नंतर रशियन साम्राज्यातल्या दंगलींना कंटाळून लाखाहून जास्त ज्यू इंग्लंडात आले. त्यांतले बहुतेक लंडनच्या ईस्ट एंडमध्ये शिवणकामाच्या खोल्यांमधून राहिले. त्यांनी गल्लीबोळांत छोटी छोटी प्रार्थनाघरं काढली. त्या सगळ्यांना एका छत्राखाली आणून सॅम्युएल माँटेग्यूंनी १८८७ मध्ये फेडरेशन ऑफ सिनेगॉग्ज उभी केली. म्हणजे ज्याच्या घरात लिबरल पंथाचं बीज पडलं तो माणूस लंडनमधल्या सनातनी ज्यूंचा मोठा आधारस्तंभ होता. या विरोधाभासावर मी गटाला घेऊन दहा मिनिटं सहज बोलतो.

लिलीचा जन्म १८७३ चा. विशीच्या आतच ती न्यू वेस्ट एंड सिनेगॉगमध्ये मुलांसाठी इंग्रजीतून उपासना घेऊ लागली. १८९३ मध्ये तिने सोहो भागात काम करणाऱ्या ज्यू मुलींसाठी क्लब काढला. त्या मुली शिंप्यांच्या कारखान्यांत राबत. शनिवार हा ज्यूंचा शब्बाथ, पूर्ण विश्रांतीचा दिवस. पण लंडनच्या कारखान्यांना त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. सकाळी कामावर गेलं नाही तर नोकरी जायची. गेलं तर सिनेगॉगमधली सकाळची उपासना बुडायची. त्यातून कधी गेल्याच, तरी वरच्या सज्जात बसून न कळणाऱ्या हिब्रूत चाललेलं पठण ऐकायचं. लिलीच्या लक्षात आलं की या मुली धर्म सोडून जात नाहीयेत, तर धर्मात त्यांच्यासाठी जागाच ठेवलेली नाही.

पुढे या सिनेगॉगमध्ये जे जे 'विचित्र' वाटतं, म्हणजे इंग्रजी प्रार्थना, वाद्यं, स्त्री-पुरुष एकत्र बसणं, बाईने प्रवचन देणं, त्या सगळ्याचं मूळ त्या शनिवारच्या अडचणीत आहे. तात्त्विक मांडणी नंतर झाली. बरीचशी पुस्तकं हे उलटं सांगतात: आधी जर्मनीतल्या सुधारकांचे विचार आले आणि मग त्यांची अंमलबजावणी झाली. विचार होतेच. हॅम्बुर्गमध्ये १८१८ मध्येच सुधारकांनी आपलं मंदिर काढलं होतं. ऑर्गन आणला होता, जर्मनमधून प्रवचन सुरू केलं होतं, आणि त्यावरून युरोपभरच्या रब्बींनी त्यांच्यावर तोंडसुख घेतलं होतं. पण लंडनच्या चळवळीला ज्या गोष्टीने धक्का देऊन चालू केलं ती गोष्ट सोहोतली होती, हॅम्बुर्गची नव्हे, असं माझं ठाम मत आहे.

१८९९ च्या जानेवारीत लिलीने 'ज्यूइश क्वार्टर्ली रिव्ह्यू' या विद्वानांच्या त्रैमासिकात लेख लिहिला. सूर असा होता की इंग्लंडातल्या ज्यूंचा धर्म एक तर पोकळ सवय होऊन बसलाय, नाही तर सुटत चाललाय, तेव्हा ज्यांना खरोखर श्रद्धा हवी आहे त्यांनी एकत्र यावं. त्रैमासिकाचा एक संपादक होता क्लॉड मॉन्टेफिओरे. हा या गोष्टीतला दुसरा महत्त्वाचा माणूस. सर मोझेस मॉन्टेफिओरे या जगप्रसिद्ध दानशूराचा हा पुतणनातू. ऑक्सफर्डच्या बॅलिओल कॉलेजात बेंजामिन जाउएटच्या हाताखाली शिकला, मग बर्लिनला गेला आणि तिथून सॉलोमन शेख्टर या तरुण पंडिताला आपला शिक्षक म्हणून लंडनला घेऊन आला. घरचा गडगंज श्रीमंत, त्यामुळे पोटासाठी काही करायची गरज नव्हती. आयुष्यभर अभ्यास केला आणि ख्रिस्ती शुभवर्तमानांवर ज्यू दृष्टीने मोठं भाष्य लिहिलं, जे तेव्हा दोन्ही बाजूंना फारसं रुचलं नाही. लिलीकडे माणसं जोडायची हातोटी होती, मॉन्टेफिओरेकडे विद्वत्तेचं वजन होतं.

१९०२ मध्ये ज्यूइश रिलिजस युनियन स्थापन झाली. पहिली उपासना १८ ऑक्टोबर १९०२ रोजी मॅरिलबोन स्टेशनसमोरच्या ग्रेट सेंट्रल हॉटेलातल्या वॉर्नक्लिफ दालनात झाली. (गंमत म्हणजे हॅम्बुर्गचं मंदिरही १८ ऑक्टोबरलाच सुरू झालं होतं. तिथे ती तारीख लाइपझिगच्या लढाईच्या स्मृतीसाठी निवडली होती. लंडनचा योगायोगच असावा.) ते हॉटेल आजही आहे, नाव बदलून 'द लँडमार्क' झालंय. बाहेरून पाहायला हरकत नाही, आत चहाचे दर मात्र पाहून घ्या. उपासना दुपारी ठेवली होती, कारण शनिवारी अर्धा दिवस काम करून लोकांना येता यावं. बरीचशी प्रार्थना इंग्रजीत, वाद्यसंगीत, आणि कुटुंबं एकत्र बसलेली.

सुरुवातीला या युनियनच्या समितीवर काही ऑर्थोडॉक्स, म्हणजे सनातनी, धर्मोपदेशकही होते. आपलेच तरुण दूर जाताहेत ही काळजी त्यांनाही होती, आणि उपासना दुपारी असल्याने सकाळच्या नेहमीच्या उपासनेशी तिची टक्कर नव्हती. पण मुख्य रब्बी हर्मन अॅडलर यांनी जाहीर विरोध केल्यावर ही मंडळी एकेक करून बाजूला झाली. ती टिकली असती तर कदाचित वेगळा पंथ झालाच नसता, एक पूरक उपासना एवढंच राहिलं असतं. म्हणजे फूट पाडण्यात सुधारकांइतकाच वाटा विरोधकांचाही होता. आपल्याकडच्या धर्मसुधारणेचा इतिहास वाचलेल्यांना हे नवं वाटणार नाही.

इथे एक घोळ सोडवायला हवा, कारण प्रवासी पुस्तिकांत तो नेहमी असतो. ब्रिटनमध्ये 'रिफॉर्म' आणि 'लिबरल' हे दोन वेगळे प्रवाह होते. रिफॉर्मवाले जुने. १८४० मध्ये काही प्रतिष्ठित कुटुंबांनी वेस्ट लंडन सिनेगॉग स्थापन केलं, ते आज अप्पर बर्कली स्ट्रीटवर आहे. त्यांचे बदल बेताचे होते. सणांचा दुसरा दिवस वगळला, उपासना थोडी आटोपशीर केली, शिस्त आणली. साठ वर्षांनी लिलीची मंडळी जागेच्या शोधात त्यांच्याच दारात गेली, तेव्हा १९०३ मध्ये त्यांनी अटी घातल्या. त्यांतली एक होती, स्त्रिया आणि पुरुष वेगळे बसतील. युनियनने नकार दिला. कालचे बंडखोर आजचे द्वारपाल कसे होतात त्याचा हा नमुना आहे, पण मी वेस्ट लंडनवाल्यांना फार दोष देत नाही. सनातन्यांशी त्यांचे संबंध नुकते कुठे सुरळीत झाले होते.

मग काही वर्षं भाड्याच्या जागा. १९०९ मध्ये युनियनने आडपडदा सोडला आणि नावातच 'लिबरल ज्यू धर्माच्या प्रसारासाठी' असं जोडलं. मॅरिलबोनमधल्या हिल स्ट्रीटवर वापरात नसलेलं एक ख्रिस्ती चॅपल मिळालं आणि १९११ मध्ये लिबरल ज्यूइश सिनेगॉग रीतसर सुरू झालं. लॉर्ड्ससमोरची इमारत अजून चौदा वर्षं दूर होती.

नेमक्या त्याच वर्षी, १९११ च्या जानेवारीत, सॅम्युएल माँटेग्यू वारले. मृत्युपत्र उघडलं तेव्हा त्यात लिली आणि तिची बहीण मॅरियन यांच्यासाठी अट निघाली: ज्या लिबरल ज्यू धर्माचा मला तीव्र तिटकारा आहे त्याच्या प्रसारात भाग घेतला तर वारशाला कात्री. दोघींनी वारशाचा मोठा भाग जाऊ दिला आणि काम चालू ठेवलं. मुलांनी ज्यू धर्माबाहेर लग्न केलं तरी वारसा जाणार होता. एडविनने ज्या व्हेनिशिया स्टॅन्लीशी लग्न केलं तिने १९१५ मध्ये आधी धर्मांतर केलं. बापाच्या एका मृत्युपत्राने दोन पोरांना दोन दिशांना कसं वळवलं ते पाहा. लिलीच्या आठवणींत मात्र वडिलांबद्दल कडवटपणा नाही, आदरच आहे.

रब्बी आता कुठे येतो. मॉन्टेफिओरे अमेरिकेला जाऊन शोध घेऊन आला, कारण असा पंथ चालवणारे प्रशिक्षित लोक तिथेच होते, सिनसिनाटीच्या हिब्रू युनियन कॉलेजात. इस्राएल मॅटक हा लिथुआनियात जन्मलेला, मॅसॅच्युसेट्समध्ये वाढलेला, हार्वर्डला शिकलेला तरुण १९१२ मध्ये लंडनला आला आणि १९४८ पर्यंत इथला प्रमुख राहिला. या सिनेगॉगला आकार दिला तो त्याने. १९२३ ते १९२६ मध्ये त्याने तीन खंडांचं नवं प्रार्थनापुस्तक तयार केलं. जेरुसलेमचं मंदिर पुन्हा उभारावं आणि तिथले पशुबळी पुन्हा सुरू व्हावेत अशा ज्या प्रार्थना परंपरेत आहेत, त्या त्याने काढून टाकल्या. युक्तिवाद साधा होता: ज्या गोष्टीची आपल्याला मनापासून इच्छाच नाही तिची देवाकडे मागणी करणं हा खोटेपणा आहे. या एका वाक्यात लिबरल पंथाचा गाभा येतो. तोरा, म्हणजे ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ, पूज्य आहे, पण ती माणसांनी लिहिलेली आहे, त्या त्या काळाच्या समजुतींसह. तिच्यातली नीती बांधील मानायची आणि विधी मात्र तपासून घ्यायचे.

मराठी वाचकाला इथे प्रार्थना समाज आठवेल आणि आठवायलाच हवा. ग्रंथप्रामाण्य नाकारणं, कळणाऱ्या भाषेत सामुदायिक उपासना, सुशिक्षित मध्यमवर्गाचा पुढाकार, सगळं ओळखीचं आहे. पण तुलना एका जागी थांबते. प्रार्थना समाजातली बरीच मंडळी घरी परतल्यावर जातीतच राहिली, लग्नकार्यं बहुधा जुन्याच पद्धतीने होत. लिबरल ज्यूंनी जन्मापासून मरणापर्यंतची व्यवस्था स्वतःची उभी केली. विल्सडेनला स्वतःची दफनभूमी घेतली. लग्नाच्या कायदेशीर नोंदणीचा हक्क मात्र सहजासहजी मिळाला नाही. ज्यू लग्नांची नोंद करणाऱ्या सचिवांच्या नेमणुकीची वाट जुन्या संस्थांच्या हातात होती, आणि अखेर १९५९ मध्ये संसदेला या सिनेगॉगला सामावून घेण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. धर्मसुधारणा टिकते का ते तत्त्वज्ञानावर कमी आणि अशा नोंदवह्यांवर जास्त ठरतं, असं मी आता मानू लागलोय.

१५ जून १९१८ रोजी लिली माँटेग्यूने इथे प्रवचन दिलं. ब्रिटनमध्ये बाईने सिनेगॉगच्या व्यासपीठावरून बोलण्याची ही पहिली वेळ मानली जाते. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या तीस वर्षांवरच्या काही स्त्रियांना मताधिकार मिळाला होता, हे लक्षात घेतलं की हवा कुठली होती ते कळतं. पुढे १९२८ मध्ये बर्लिनच्या रिफॉर्म मंडळींसमोरही ती बोलली, आणि तेही जर्मनीत प्रथमच घडत होतं. रब्बी ती कधीच झाली नाही. १९४४ मध्ये तिला 'ले मिनिस्टर', म्हणजे रब्बी नसलेली धर्मोपदेशक, म्हणून दीक्षा दिली गेली, तेव्हा ती सत्तरीत होती.

आता आली लॉर्ड्ससमोरची इमारत. चॅपल अपुरं पडू लागल्यावर सेंट जॉन्स वूड रोडवर जागा घेतली आणि अर्नेस्ट जोसेफ या वास्तुविशारदाकडून सिनेगॉग बांधून घेतलं. १९२५ च्या सप्टेंबरमध्ये ते सुरू झालं. समोर लॉर्ड्सचं ग्रेस गेट दोनच वर्षांपूर्वी, १९२३ मध्ये उभारलेलं. हजाराहून जास्त लोक बसतील असं मोठं सभागृह आणि पुढे भारदस्त खांबांची ओसरी. ज्यू असल्याची कुठलीही पौर्वात्य खूण नाही, घुमट नाही, घोड्याच्या नालासारख्या कमानी नाहीत. एकोणिसाव्या शतकातली युरोपीय सिनेगॉगं मूरिश शैलीत बांधण्याची मोठी लाट होऊन गेली होती. इथे तसं काही नको होतं. आम्ही इंग्रज आहोत आणि ज्यूही आहोत, दोन्हींत विसंगती नाही, असं ती ओसरी म्हणते. मला ती थोडी बँकेसारखी वाटते, पण तो माझा दोष असेल.

'आम्ही इंग्रज' या भूमिकेतूनच एक न आवडणारं प्रकरण निघतं. झायोनिझम, म्हणजे पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंचं राष्ट्र उभारण्याची चळवळ, मॉन्टेफिओरेला मान्य नव्हती. ज्यू असणं हा धर्म आहे, राष्ट्रीयत्व नव्हे, असं त्याचं म्हणणं. मॅटकही त्याच मताचा. १९१७ मध्ये बाल्फोर घोषणेचा, म्हणजे पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला ब्रिटनने दिलेल्या पाठिंब्याचा, मसुदा मंत्रिमंडळापुढे आला तेव्हा तिला सर्वांत जोरदार विरोध करणारा मंत्री होता मंत्रिमंडळातला एकमेव ज्यू, एडविन माँटेग्यू. अशाने माझ्यासारख्याला ब्रिटनमध्ये परका ठरवलं जाईल, ही त्याची भीती होती. भाऊ-बहीण धर्मात वेगळ्या वाटांनी गेले, पण इथे त्या घरातलं वातावरण एकच होतं. हिटलरनंतर ही भूमिका टिकणं शक्य नव्हतं आणि टिकली नाही. पुढच्या पिढीच्या लिबरल ज्यूंनी इस्राएलशी नातं स्वीकारलं, टीका करण्याचा हक्क राखून. हा भाग काही माहितीपत्रकांत हळूच वगळला जातो. मी सांगतो, कारण त्याशिवाय १९२५ ची ती ओसरी कळतच नाही.

१९२६ मध्ये लंडनला जगभरच्या उदारमतवादी ज्यूंची परिषद भरली आणि तिच्यातून वर्ल्ड युनियन फॉर प्रोग्रेसिव्ह ज्युडाइझम निघाली. अध्यक्ष मॉन्टेफिओरे, सगळी खटपट लिलीची. कित्येक वर्षं या जागतिक संघटनेचं कार्यालय बेझवॉटरमधल्या तिच्या घरात होतं. आणि इथेच मुंबई गोष्टीत येते.

डॉ. जेरुशा झिराड हे नाव जुन्या मुंबईकरांना ठाऊक असेल. जन्म १८९० चा, बेने इस्राएली कुटुंबातला. ग्रँट मेडिकल कॉलेजातून पदवी, मग परदेशी शिक्षणासाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळवणारी पहिली स्त्री म्हणून लंडनला. १९१९ मध्ये तिथून स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्रात एम.डी. परतल्यावर १९२८ ते १९४७ अशी जवळजवळ दोन दशकं कामा हॉस्पिटलची अधीक्षक, १९६६ मध्ये पद्मश्री. लंडनच्या त्या वर्षांत तिचा लिली माँटेग्यू आणि मॉन्टेफिओरे यांच्या वर्तुळाशी परिचय झाला, आणि १९२५ मध्ये तिने मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन स्थापन केली. नावसुद्धा तेच. तिचं सिनेगॉग म्हणजे भायखळ्याचं रोडेफ शालोम.

आता हे नीट पाहा. कोकणातून आलेले बेने इस्राएली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शेजारी ज्यांना 'शनवार तेली' म्हणत, घरात मराठी बोलणारे, यांच्याकडे परंपरेने रब्बी नव्हतेच. उपासना हझ्झान, म्हणजे प्रार्थना म्हणणारे, चालवत; पंचायतीचं काम मुकादम पाही. म्हणजे धर्मगुरूवाचून, गृहस्थांनी चालवलेला धर्म त्यांना नवा नव्हता. लंडनमध्ये लिलीला जी गोष्ट भांडून मिळवावी लागली, ती मुंबईत अर्धी आधीपासून तयार होती. तरी लिबरल शाखा मुंबईत छोटीच राहिली, आणि त्याचं मला नवल वाटत नाही. बेने इस्राएलींचा तेव्हाचा प्रश्न वेगळा होता. इराककडून येऊन स्थायिक झालेले बगदादी ज्यू त्यांना पूर्ण ज्यू मानायला कां-कूं करत होते. ज्यांच्या ज्यूपणावरच बोट ठेवलं जातं, ते आपल्या विधींना सहसा कात्री लावत नाहीत, उलट अधिक घट्ट धरतात. ज्या इंग्रज ज्यूंच्या ज्यूपणाबद्दल कुणालाच शंका नव्हती, त्यांना ढील देणं परवडत होतं. झिराड बाईंनी या परिस्थितीत संस्था उभी केली आणि टिकवली, हे म्हणून मला जास्त मोठं वाटतं.

याच मुंबईच्या युनियनमध्ये १९५७ ते १९६० या काळात एक तरुण रब्बी येऊन राहिला, ह्यूगो ग्रिन. कार्पेथियन डोंगरातल्या बेरेहोवो गावचा, पोरवयात ऑशविट्झमधून वाचलेला. लंडनला आल्यावर लिली माँटेग्यू आणि बर्लिनचे वयोवृद्ध रब्बी लिओ बेक यांनी त्याला रब्बी व्हायला उद्युक्त केलं आणि सिनसिनाटीला शिकून तो थेट मुंबईला आला. पुढे तो वेस्ट लंडन सिनेगॉगचा प्रमुख आणि बी.बी.सी. रेडिओवरचा सगळ्या ब्रिटनला ओळखीचा आवाज झाला. रब्बी म्हणून त्याचं पहिलं काम भायखळ्यात झालं, हे त्याच्या ब्रिटिश चाहत्यांना सांगितलं की त्यांना धक्काच बसतो.

युद्धाकडे परत येऊ. नोव्हेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात लॉर्ड्ससमोरच्या सिनेगॉगचं मोठं नुकसान झालं. दुरुस्त होऊन ते पुन्हा खुलं व्हायला १९५१ उजाडलं. दरम्यान जर्मनीतून आलेल्या निर्वासितांनी मंडळीचा चेहराच बदलला. त्यांच्यातलाच एक जॉन रेनर. बर्लिनमध्ये जन्मला, १९३९ मध्ये मुलांना घेऊन येणाऱ्या किंडरट्रान्सपोर्टमधून इंग्लंडला पोचला, आईवडील मागे राहिले ते नाझींच्या हातून मारले गेले. १९६१ पासून तो इथला प्रमुख रब्बी. त्याने आणि खाइम स्टर्नने मिळून १९६७ मध्ये नवं प्रार्थनापुस्तक आणलं, ज्यात मॅटकने कमी केलेली हिब्रू पुन्हा वाढली. सुधारणा म्हणजे सतत कमी करत जाणं नव्हे, हे या पिढीने दाखवलं. १९९५ च्या पुस्तकात देवाला आणि माणसांना उद्देशून केवळ पुल्लिंगी शब्द वापरण्याची पद्धतही सोडली. २००४ मध्ये अलेक्झांड्रा राइट या इथल्या प्रमुख रब्बी झाल्या. लिलीच्या प्रवचनानंतर शहाऐंशी वर्षांनी.

तुम्ही पाहिलीत ती इमारत १९२५ ची नव्हे. जुन्या बांधकामात धोकादायक दोष निघाल्याने ते ऐंशीच्या दशकाच्या शेवटी पाडावं लागलं. फक्त खांबांची ओसरी ठेवली आणि मागे नवं सिनेगॉग बांधलं, ते १९९१ मध्ये खुलं झालं. म्हणजे दर्शनी भाग जुना आणि आतलं सगळं नवं. आत गेलात तर एक गोष्ट चुकवू नका: १९९६ मध्ये बसवलेलं, होलोकॉस्टमधल्या, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारातल्या, मृतांचं स्मारक. आयर्लंडमधल्या किलकेनीच्या काळ्या चुनखडकाची एक प्रचंड शिळा आहे, आणि तिच्यात पोकळी कोरून घासून गुळगुळीत केली आहे. नावं नाहीत, आकृती नाही. जवळ उभं राहून बोललात तर स्वतःचा आवाज थोडा वेगळाच ऐकू येतो. शिल्पकार अनीश कपूर, जन्म मुंबईचा, १९५४. त्याची आई बगदादी ज्यू, आणि आईचे वडील पुण्याच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्याला पुणेकर 'लाल देऊळ' म्हणतात तिथे, हझ्झान होते. माझ्या गटात पुण्याचे लोक असले की मी हे मुद्दाम शेवटी सांगतो, कारण आधी सांगितलं तर पुढचं काही ऐकूनच घेत नाहीत.

सध्याची स्थिती थोडक्यात. एका पालकाकडून ज्यू असलेलं आणि ज्यू म्हणून वाढवलेलं मूल लिबरल मंडळी ज्यू मानतात, मग ते पालक आई असो वा वडील. ऑर्थोडॉक्सांना फक्त आईकडचं नातं चालतं, त्यामुळे हा वाद संपलेला नाही. रिफॉर्म आणि लिबरल यांच्यातलं १९०३ चं अंतर मात्र मिटलं. दोन्ही चळवळींनी एकत्र येण्याचा मानस २०२३ मध्ये जाहीर केला आणि २०२५ मध्ये सदस्यांनी त्याला मतदानाने मान्यता दिली.

पाहायला जायचं असेल तर ऐनवेळी दार ठोठावू नका. लंडनमधल्या सगळ्याच सिनेगॉगांवर सुरक्षा कडक असते. आधी लिहून वेळ ठरवा, ओळखपत्र जवळ ठेवा, मोठी बॅग नेऊ नका, फोटोआधी विचारा. शनिवारच्या उपासनेलाही पाहुण्यांना येता येतं, ज्यू असण्याची अट नाही, मात्र आधी कळवायला हवं. आणि लॉर्ड्सवर कसोटी चालू असेल तो दिवस टाळा. रस्ता ओलांडायलाच अर्धा तास जातो.